शांताक्का, आकडा पाच होता

शांताक्का, मला या कामाला लावलं ते तू. दुसऱ्या कुणाचं नाव मी आधी घेणार नाही. डॉक्टर मॅडमनी पगार दिला, खुर्ची दिली, गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड दिलं, ते खरं. पण त्या खोलीच्या दारात मी मागं मागं सरकत होते, तेव्हा मनगटाला धरून आत ओढणारी तू होतीस, आणि ओढलंस तेही दुखऱ्या हातानं. सातवीनंतर शाळा सुटलेली, बेळगावच्या वडगावात तुझ्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी पोरगी डॉक्टरच्या शेजारी बसते, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. निपाणीच्या पलीकडं आमच्या गावात ती सगळ्यांना सांगत असते, सुमन मोठ्या दवाखान्यात हाय. तिथं काय करती म्हणून कुणी विचारलं, की म्हणती, "इचारती."

तेवढंच करते मी, आक्का. विचारते. ते काम तुझं देणं आहे. हे आधी लिहून टाकलं, कारण पुढचं लिहायचं म्हटलं की पेन थांबतंय.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी इथं बंगळुरात एका बाईंसमोर बसले होते. त्यांच्यापुढं शून्य ते दहाची पट्टी ठेवली होती आणि त्यांचं बोट सहावर येऊन थांबलं होतं. तेवढ्यात फोन थरथरला. महादेवचं नाव. तुझा महादेव मला कधी फोन करत नाही. करायचीस ती तू. मी उचलला. तो म्हणाला, "सुमे, आई गेली."

मी म्हटलं, "कुठं?"

असं विचारलं मी, आक्का. रोज विचारायची सवय. मग त्यानं सगळं सांगितलं. सकाळी चहा घेतलास, दारात पाणी मारलंस, उंबऱ्यावर बसलीस आणि छातीत जळजळतंय, सोडा दे म्हणालीस. सून सोडा घेऊन आली तेव्हा तू दाराच्या चौकटीला टेकली होतीस. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. दुपारी चारला उचलणार, तू काय पोचत नाहीस, येऊ नको, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी कागदावर सहा लिहिलं. त्या बाईंचा सहा. मग पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचा विचारला. किल्ली फिरवताना त्रास होतो का, कपडे पिळताना होतो का. सगळं बरोबर लिहिलंय, मी नंतर बघितलं. बाई म्हणाल्या, तुम्ही रडताय. तेव्हा मला कळलं.

शनिवारी तू बोलली होतीस माझ्याशी. शनिवार ते मंगळवार, मधे दोनच दिवस. अजून माझ्या यादीत तुझं नाव आहे. त्याच्यापुढं बरोबरची खूण आहे आणि ती मी केलेली आहे. त्या खुणेपायीच हे लिहायला बसले.

तुझ्याकडं आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आई तंबाखूच्या वखारीत जायची, धाकट्या भावाकडं बघायला कुणी नव्हतं, म्हणून सातवीनंतर मी घरी. मग भाऊ मोठा झाला, शाळेत गेला, आणि मी ना घरची ना शाळेची. मावशीनं वडगावात तुझ्या दारात आणून सोडलं. तू मला खालवर बघितलंस आणि म्हणालीस, "हात दाखव." मला वाटलं, ही बाई भविष्य बघती. तू माझा अंगठा धरलास, दाबलास, वाकवून बघितलास आणि म्हणालीस, "ऱ्हा."

तुझ्या घरात दोन माग. ते महादेव चालवायचा. पण गल्लीत तुझं नाव होतं ते बीम सांधण्यात. मागावरचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आला, की नवा चढवायचा आणि जुन्याच्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा जोडायचा. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. राखेत बोट बुडवून दोन्ही टोकं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची आणि पीळ द्यायचा. असे हजारांनी धागे. तू मागाच्या पाठीमागं पाटावर बसायचीस, शेजारी करवंटीत चुलीची राख. तोंडानं सुनेला हाक मारायचीस, भाजीवालीशी भांडायचीस, पण अंगठा आपलं काम करत राहायचा.

मलाही शिकवायला घेतलंस. माझे पीळ सुटायचे. फणीतनं ओढून घेताना धागे गळायचे आणि महादेव चिडायचा. तू म्हणायचीस, "हिचा पीळ म्हंजे लग्नातल्या पाव्हण्याचं बोलणं. जेवान झालं की सुटलं." चार वर्षांत मी एकही बीम एकटीनं पुरा केला नाही. अर्ध्यावर आले की उठायचे. पाठ धरली, डोळे दुखतात, काहीतरी सांगायचे. राहिलेलं तू करायचीस, ज्या अंगठ्याचं बूड आतनं झिजत चाललं होतं त्याच अंगठ्यानं. ते मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

कारण तू दुखतंय म्हणून कधी सांगितलंच नाहीस. तू घर बदललंस. ब्लाउजचे पुढचे हुक काढून सुनेकडनं पाठीमागं लावून घेतलेस, म्हणजे ते लावायचं काम तिच्याकडं गेलं. कुलूप महादेव लावायचा. भाकरीचं पीठ सून मळायची. आणि तुझे ते डबे! त्या घरात एकाही डब्याचं झाकण घट्ट नव्हतं. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत उभा असायचा, मुंग्या चढू नयेत म्हणून. मला वाटायचं, या घरची ही पद्धतच असेल. मी आमच्या आईलाही सांगितलं होतं, बेळगावात साखर पाण्यात ठेवतात.

मग एक दिवस तुझाच पीळ सुटला. एकामागून एक तीन धागे गळाले.  दुसऱ्या दिवशी साडी बदललीस आणि मला म्हणालीस, चल, दवाखान्यात जाऊन येऊ.

मॅडमकडं एक कागद होता. उपचाराआधी भरायचा, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं परत तोच भरायचा, म्हणजे पेशंटला खरंच फरक पडला का ते कळतं. आधी दुखण्याचा आकडा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. मग रोजची कामं. कागद मराठीत होता, पण पुस्तकी मराठीत. मॅडमनी 'वेदनेची तीव्रता' असं वाचल्यावर तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हटलं, किती ठणकतंय ते सांग. तू सात म्हणालीस. किल्लीला त्रास? न्हाई. कपडे पिळायला? न्हाई. बरणीचं झाकण उघडायला?

"त्यात कायबी त्रास न्हाई," तू म्हणालीस.

माझ्या तोंडातनं गेलं, "आक्का, तुझ्या घरात झाकण लावतंय कोण?"

मॅडमचं पेन थांबलं. तू असं बघितलंस माझ्याकडं, की मी खुर्चीत अर्धी झाले. "घरातलं भाईर सांगतीस व्हय गं?" पण आता मॅडम विचारायला लागल्या आणि मी सांगत गेले. हुक सांगितले, कुलूप सांगितलं, ताटली सांगितली. तू खोटं बोलत नव्हतीस. जे काम करतच नाही त्याचा त्रास कसा होणार? पण तो आख्खा कागद परत भरावा लागला. बसस्टॉपपर्यंत तू माझ्या दहा पावलं पुढं चालत होतीस. बस समोर येऊन थांबली तेव्हा म्हणालीस, "मुंग्यांचं सांगायची काय गरज हुती?"

मला वाटलं, आता ही घरातनं काढती. पण पुढच्या खेपेला तूच मला धरून आत नेलंस आणि मॅडमना म्हणालीस, "हिला ठिवून घ्या. कन्नड येतंय, आमची बोली येतीया. बायका तुमास्नी खोटं सांगत्यात, तुमचं मन राखायला. हिला न्हाई सांगता येणार."

मॅडम हसल्या. शिक्षण किती म्हणून मला विचारलं. मी खाली बघितलं. तूच उत्तर दिलंस, "लिवायला येतंय तिला. मी बघितलंय."

आठवड्यातनं दोन दिवस म्हणून सुरुवात झाली आणि सहा महिन्यांत रोजचं झालं. मी निवांत कधीच नव्हते, आक्का, तुला ठाऊक आहे. रोज वाटायचं, आज कुणीतरी दाखला मागणार. अक्षर चुकू नये म्हणून मी आकडे मोठे काढायचे आणि शब्द बारीक.

आता ती पहिल्या कागदाची गोष्ट सांगायला पाहिजे. ती तुला कधी सांगितली नाही.

तो कागद परत भरला तेव्हा मॅडमनी तो माझ्याच हातात दिला होता आणि त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. सगळ्यात खाली एक रिकामी ओळ असते. उपचारानंतर तुम्हाला काय करता यावं असं वाटतं? मी विचारलं. तू जरासुद्धा थांबली नाहीस.

"एक बीम एकटीनं सांधायचाय. पहिल्या धाग्यापास्नं शेवटच्या धाग्यापत्तोर. मधी कुणी हात लावायचा न्हाई."

मी पेन टेकवलं. 'सांधायचा' लिहिताना धा ला काना कुठं, अनुस्वार कुठं, मॅडम वाचतील, हसतील. आणि आकडेच तर कॉम्प्युटरात जातात, असं मी ऐकलं होतं. मी त्या ओळीवर एक रेघ मारली. आडवी, लहानशी. म्हणजे काही सांगितलं नाही. तू समोर बसली होतीस. तुला वाटलं, मी लिहिलं.

पट्टा बांधून, व्यायाम करून भागलं नाही, तेव्हा ऑपरेशन झालं. अंगठ्याच्या बुडातलं झिजलेलं हाडूक काढलं. प्लास्टरचा हात वर धरून तू गल्लीभर फिरायचीस, जणू निवडणुकीला उभी आहेस. तीन महिन्यांनी आकडा तीनवर आला. मॅडम खूश, मी त्यांच्याहून खूश. मॅडम आम्हाला समजावून सांगायच्या, आकडा जरा इकडंतिकडं हलला तर तो फरक नव्हे. पेशंटच्या जिवाला जाणवेल एवढा हलला पाहिजे. सातावरनं तीन म्हणजे हललाच की. मी तुझ्या नावाकडं बघून मनात म्हणायचे, आमची आक्का पहिल्या नंबरात.

आणि सहा महिन्यांनी तू आलीस आणि बोट ठेवलंस पाचावर.

 सगळ्यांचे आकडे खाली चाललेत आणि माझ्याच आक्काचा वर. मी परत विचारलं. तू परत पाच म्हणालीस, आणि चेहरा बघावा तर हसरा. मी लिहिलं, पण तुला बाहेर गाठलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आपण भांडलो. आठवतंय का गं? चहावाला बघत होता.

मी म्हटलं, काय करतीस घरात, दुखणं का वाढलं? तू बोटांवर मोजत सांगितलंस. कपडे मीच पिळते. कुलूप मी लावते. पीठ मी मळते. हुक परत पुढं घेतलेत. साखरेची ताटली काढून टाकली, झाकण असं लावते की सुनेला उघडत नाही, ती शिव्या घालती. दिवसाकाठी घटकाभर बीमावर पण बसते.

मी म्हटलं, म्हणून दुखतंय. जरा दमानं घे, आकडा खाली येईल.

"आकडा खाली आणायला हात परत गुंडाळून ठिऊ? आदी काम करत न्हवते म्हणून कमी दुखत हुतं. आता करते म्हणून दुखतंय. ह्यात बरी कवा हुते मी, सांग की."

 मी म्हटलं, "आक्का, मॅडम म्हणतील फरक न्हाई पडला."

"मग मॅडमला झाकण दाखव."

एवढं बोलून तू उतरून गेलीस. मी मॅडमना झाकण दाखवलं नाही. मी पाच दाखवला. तुझ्या कामांच्या रकान्यात सुधारणा होती, ती मॅडमनी बघितली असेल, नसेल. मी विचारलं नाही. मला भीती एवढीच, की मी विचारायला चुकले असं कुणी म्हणेल. आपलं ते भांडण तिथंच राहिलं. नंतर तू पण काढलं नाहीस, मी पण नाही.

पुढं मॅडम बंगळूरला आल्या आणि मला घेऊन आल्या. बेळगावच्या पेशंटना फोन करून कागद भरायला आपल्या बोलीचं कुणीतरी पाहिजे होतं. निघताना तू शेंगांची चटणी दिलीस आणि एका कागदाच्या पुडीत चुलीची राख, सोबत सुताची चार टोकं. "बोटं इसरतील न्हाईतर," म्हणालीस. मी हसले. दवाखान्यात राख कशाला लागती, असं पण म्हटलं बहुतेक. चटणी आठवड्यात संपली. पुडी ट्रंकेत राहिली.

इथं सगळं निराळं आहे, आक्का. माझं बेळगावचं कन्नड ऐकून पेशंट हसतात. हॉस्टेलात मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून तुझे फोन यायचे ते मी गॅलरीत जाऊन मोठ्यानं घ्यायचे, चार लोकांना ऐकू जावं म्हणून. पंधरा दिवसांमागं तुला सांगितलं होतं, की ऑफिसातनं दहावीचा दाखला मागतायत, मॅडमनी थोपवून धरलंय, पण कधीपर्यंत धरतील.  तू म्हणालीस, तुझं काम चांगलं दिसलं की कोण कशाला दाखला मागतंय?

माझं काम चांगलं दिसलं की. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

आता शनिवार. जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. तुझा फोन आला. मागं एकाच मागाची खटखट होती, ते पण माझ्या ध्यानात आलं नाही. तू म्हणालीस, "सुमे, बीम सांधला गं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, बरं झालं आक्का. तुझ्या घरात आठवड्या-पंधरवड्याला बीम सांधला जातो. पावसाची, पाण्याची बातमी तशी ती. माझ्यासमोर यादी होती, तुझं वर्ष भरत आलं होतं, आणि वर्षाचे कागद सोमवारी द्यायचे होते. मी म्हटलं, बरा फोन केलास, तुझं वर्षाचं राहिलंय, पटकन आकडा सांग की.

 मला वाटलं रेंज गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"तुला किती पायजे?" तू विचारलंस.

"मला काय पायजे, आक्का? तुला किती दुखतंय ते."

"दोन लिही."

"खरंच दोन?"

"दोन लिही म्हनलं न्हवं." मग जरा हसून म्हणालीस, जेवलीस का. मी हो म्हटलं. सुट्टी संपली होती. फोन ठेवला, दोन लिहिलं, खूण केली. सातावरनं दोन! मी उठून मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला तेव्हा माझी मान ताठ होती. कुणाचीच एवढी सुधारणा नव्हती.

बुधवारी मी महादेवला परत फोन लावला. मंगळवारी मी नीट बोललेच नव्हते. तो बोलत राहिला, माणसं बोलतात तसं, काय आठवेल ते. आणि म्हणाला, आईनं शेवटी हट्ट पुरा केला बघ. कसला म्हणून मी विचारलं. त्याला नवल वाटलं. तो म्हणाला, "बीमाचा. तुला सांगितलं म्हनली की. शनिवारी संपला आन् पयला फोन तुलाच लावला."

आठ दिवस लागले म्हणे. एरवी दोन बायका एका दिवसात करतात. तू कुणाला जवळ येऊ दिलं नाहीस. सून चहा घेऊन आली तर तिला लांबनंच थांबवलंस. महादेवनं एक सुटलेला धागा हातात घेतला तर त्याच्या हातावर चापट मारलीस आणि तो धागा तोडून परत जोडलास. आठ दिवस तो माग बंद, बाहेरचे लोक कापडाची विचारपूस करून जायचे आणि महादेव सांगायचा, आई बसलीया.

मी विचारलं, दुखत होतं का तिला. तोंडात आलं म्हणून विचारलं, की मला कळलंच होतं म्हणून, सांगता येत नाही.

महादेव हसला आणि सांगायला लागला. शनिवारी संध्याकाळी तू गरम मिठाच्या पाण्यात हात घालून बसली होतीस. सुनेनं विचारलं, लई दुखतंय काय? तू म्हणालीस, "पाच हाय, पाच. सुमीला दोन सांगितलंय. तिच्यापाशी बोलू नगा कुणी." आणि तोंडाला पदर लावून हसत होतीस, कपात जास्त साखर घालून घेतलेल्या पोरासारखी.

आक्का, तू मॅडमना सांगितलं होतंस, हिला खोटं सांगता येणार नाही. आणि तुझ्या घरातली सगळी झाकणं ठाऊक असलेल्या मला तू एका शब्दात फसवलंस. फसवलंस कसलं, मीच मागितलं. तू आनंद सांगायला फोन केला होतास आणि मी हात पुढं केला, आकड्यासाठी. तू तो ठेवलास हातावर. माझ्या नोकरीपायी. तुझा सगळ्यात चांगला दिवस मी कागदावर खोटा लिहून घेतला.

त्या दिवसापासनं मला एकच भीती. दाखल्याची नाही. तू गेलीस, आणि आता तुझा अंगठा या जगात एवढाच उरलाय, चार कागदांवर. त्यातल्या एकावर खोटा आकडा आणि एकावर माझी रेघ. हे असंच राहिलं तर कुणीतरी कधीतरी वाचेल, की या बाईला छान आराम पडला, आकडा दोन. बीम सांधल्याचं कुणालाच कळणार नाही.

काल मी मॅडमच्या खोलीत गेले. उभी राहूनच सांगितलं. दोन खोटं आहे, पाच होतं. मागच्या खेपेचा पाच पण का होता ते सांगितलं, पायऱ्यांवरचं भांडण सांगितलं. रेघेचं सांगितलं, आणि का मारली ते पण. धा ला काना सुद्धा सांगितलं, आक्का. आता लपवायला काय राहिलं होतं?

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तुझी फाईल मागवली. पहिला कागद काढला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, खाडाखोड करायची नाही, दोनावर एक रेघ मार, बाजूला पाच लिही, कारण लिही आणि सही कर. मी केलं. मग म्हणाल्या, फोनवर घेतलेले सगळे कागद परत. प्रत्येकीला परत फोन लावायचा. किती जणींनी तुझं मन राखलंय कुणास ठाऊक. माझा चेहरा पडला तो त्यांनी बघितला, पण शब्द मागं घेतला नाही. दाखल्याचं त्या काही बोलल्या नाहीत. नोकरी राहती का जाती, मला आज तरी माहीत नाही.

मी दारापर्यंत गेले तर त्यांनी हाक मारली. तो पहिला कागद माझ्यापुढं सरकवला. "ही ओळ भर," म्हणाल्या. "त्या जशा बोलल्या तसं. शुद्ध नको."

मी लिहिलं. एक बीम एकटीनं सांधायचाय, पहिल्या धाग्यापास्नं शेवटच्या धाग्यापत्तोर, मधी कुणी हात लावायचा न्हाई. मॅडमनी कागद धरून ठेवला. मग शेवटच्या कागदावर खाली लिहिलं, सांधला.

आज सकाळपासनं फोन लावतेय. खानापूरकडच्या एका आजींना विचारलं, की हात बरा झाला तर काय करायचं होतं तुम्हाला? त्या म्हणाल्या, हे आधी का नाही विचारलंस? बोलल्या बोलल्या आणि बोलतच राहिल्या. आकडा विचारायचा राहूनच गेला, परत लावावा लागला.

पण मला अजून पटत नाही, आक्का. फोन वाजला की हातातलं टाकून धावते. तू असशील आणि मी परत काहीतरी पटकन विचारीन, असं वाटतं. महादेव म्हणाला, सुतक आहे म्हणून माग बंद ठेवलाय. तुझा बीम तसाच आहे, एक धागा ओढलेला नाही. दिवस झाले की चालू करतो म्हणाला. तुझा एकही पीळ सुटणार नाही, हे त्याला पण माहीत आहे आणि मला पण.

दुपारी मी ट्रंकेतनं ती पुडी काढली. राख जरा दमट झालीय. दोन टोकं घेतली, बोट बुडवलं, पीळ दिला आणि ओढून बघितला. सुटला. परत दिला, परत सुटला. जेवणाची सगळी सुट्टी त्यात गेली. शेवटचा एक टिकला, तो मी तुझ्या फाईलीतल्या कागदाच्या नकलेवर चिकटवून ठेवलाय.

तुझं मी काय फेडणार, असं एकदा तुला विचारलं होतं, तुझ्या दारात, पहिला पगार झाला त्या दिवशी. तू म्हणाली होतीस, अर्ध्यातनं उठायची तेवढी बंद हो.

तर ऐक. नोकरी राहो न राहो, एक दिवस मी वडगावला येणार. मागाच्या पाठीमागं तुझ्या पाटावर बसणार, करवंटीत राख घेणार, आणि एक आख्खा बीम सांधणार. पंधरा दिवस लागले तर पंधरा दिवस. महादेवला हात लावू देणार नाही. शेवटचा धागा झाला की उंबऱ्यावर येऊन बसेन आणि किती दुखतंय तो आकडा सगळ्यांत आधी तुला सांगेन. खरा.